वनवास आणि सीताहरण सांगताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुढीपाडव्यापासून रामनवमीपर्यंत नऊ संध्याकाळी गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गच्चीवर रामकथा होते. कीर्तन नव्हे. सतरंज्या, एक माइक, समोर वीस-पंचवीस मुलं आणि कठड्याला टेकून उभे असलेले त्यांचे आईबाबा. सांगणारी मी. अयोध्याकांड आणि अरण्यकांड आलं की दरवर्षी तेच प्रश्न येतात: चिठ्ठ्यांवर, जिन्यात, आणि रात्री साडेअकराला व्हॉट्सअॅपवर. आता आपापल्या सोसायटीत कथा सांगू लागलेल्या दादर-पार्ल्याच्या मैत्रिणीही तेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे. खाली ‘वाल्मीकी’ म्हटलं की वाल्मीकिरामायणाचा प्रचलित पाठ समजावा. ‘चिकित्सक आवृत्ती’ म्हणजे बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरानं निरनिराळ्या प्रांतांतली हस्तलिखितं ताडून १९६० ते १९७५ या काळात छापलेली.

१. वनवासाची शिक्षा तिघांनाही झाली होती का?

नाही, फक्त रामाला. कैकेयीनं दोन वर मागितले: भरताला राज्य आणि रामाला चौदा वर्षं दंडकारण्य. सीता आणि लक्ष्मण आपल्या मर्जीनं गेले. हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, कारण पुढचे निम्मे प्रश्न इथंच सुटतात. राम सीतेला वनातले हाल मोजून दाखवतो: काटे, साप, उपास, जमिनीवर झोपणं. ती ऐकून घेते आणि उलट त्यालाच सुनावते, की माझ्या वडिलांनी पुरुषाचं रूप घेतलेल्या बाईला जावई केलं की काय! हे वाल्मीकींचंच आहे, मी घातलेलं नाही. गच्चीवर हे वाक्य आलं की मागे उभ्या असलेल्या आया हसतात.

२. चौदाच वर्षं का? बारा किंवा वीस का नाहीत?

मंथरेचा हिशेब सरळ राजकारणाचा आहे. एवढा काळ राम नजरेआड राहिला तर भरत प्रजेच्या मनात रुजेल, मग त्याला कोणी हलवू शकणार नाही, असं ती कैकेयीला सांगते. चौदा लोक, चौदा रत्नं वगैरे जुळवाजुळव करणारे संदेश फिरतात, त्यांची गरज नाही.

३. एवढी वर्षं ते कुठे राहिले? सगळा वनवास पंचवटीतच गेला का?

मालिका पाहून तसं वाटतं खरं. क्रम असा: तमसेच्या काठी पहिली रात्र, शृंगवेरपुरात गुहाची भेट, गंगा ओलांडून प्रयागला भरद्वाजांचा आश्रम, मग चित्रकूट. भरत भेटायला येतो आणि पादुका घेऊन जातो तो इथं. त्यानंतर अत्री-अनसूयेचा आश्रम आणि दंडकारण्य. दंडकारण्यात ऋषींच्या आश्रमांतून कुठे चार महिने, कुठे वर्ष असं करत दहा वर्षं जातात. वाल्मीकी ती दहा वर्षं दोन-चार श्लोकांत उरकतात! मग अगस्त्यांची भेट, आणि त्यांनी सुचवलं म्हणून गोदाकाठची पंचवटी.

म्हणजे सीताहरण होतं ते वनवास संपत आल्यावर. मुलांना हे सांगितलं की ती हळहळतात: ‘अरे, थोडेच दिवस राहिले होते!’ ही हळहळ महत्त्वाची आहे. चौदा वर्षं लांब वाटावीत म्हणून मी दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी काहीच न घडणारा वनवास सांगते. पर्णकुटी बांधणं, पाणी भरणं, हेमंतातली थंडी. पंचवटीतल्या हेमंताचं वर्णन लक्ष्मणाच्या तोंडी आहे आणि ते फार सुंदर आहे.

४. पंचवटी म्हणजे आपलं नाशिकच ना? मुलांना काही दाखवायला कुठे न्यावं?

महाराष्ट्राची परंपरा नाशिकच मानते. पाच वड, सीतागुंफा, काळाराम मंदिर, आणि शूर्पणखेचं नाक कापलं ते तपोवन, सगळं तिथं एकमेकांपासून जवळ आहे. तेलंगणात भद्राचलमजवळ पर्णशाला म्हणून गाव आहे, तेही गोदावरीकाठीच, आणि तिथले लोक सीताहरण आपल्याकडे झालं असं तितक्याच ठामपणे सांगतात. मुलांपुढे हा वाद सोडवत बसू नये. नदी एकच आहे, एवढं सांगितलं तरी पुरतं.

नाशिकला जाणार असाल तर एक सूचना: पंचवटी एक्सप्रेस नावाला योग्य, पण वेळेला उलटी. ती सकाळी मुंबईकडे येते आणि संध्याकाळी परत जाते. गाडीनं जात असाल तर कसारा घाट चढून इगतपुरी तालुक्यात सर्वतीर्थ टाकेदला थांबा. जटायू तिथं पडला अशी श्रद्धा आहे. काळाराम मंदिरात मोठ्या मुलांना २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला प्रवेशाचा सत्याग्रहही सांगा. रामाच्या दारात कोणाला किती वर्षं बाहेर ठेवलं होतं, हे वनवासाच्या कथेनंतर मुलांना लगेच कळतं.

मुंबईतल्या मुंबईत बाणगंगा आहेच. सीतेच्या शोधात निघालेला राम मलबार हिलवर थांबला, त्यानं वाळूचं शिवलिंग केलं म्हणून वाळुकेश्वर, आणि तहान लागल्यावर बाण मारून गोडं पाणी काढलं ती बाणगंगा, असं स्थानमाहात्म्य. वाल्मीकींकडे हा प्रसंग नाही. पण समुद्र इतका जवळ असून तळ्याचं पाणी गोडं कसं, हा प्रश्न मुलांना पायरीवर बसूनच पडावा. रावण दाखवायचा असेल तर गेटवेवरून लाँचनं घारापुरी गाठा. मोठ्या लेण्यात कैलास हलवणारा रावण आहे. सोमवारी लेणी बंद असतात, आम्ही एकदा अख्खी वरात घेऊन फसलो आहोत.

५. लक्ष्मणरेषा मूळ रामायणात नाही असं म्हणतात. खरं का?

खरं आहे. सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त भांडण लावणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

वाल्मीकींच्या प्रचलित पाठात रेषा नाही, चिकित्सक आवृत्तीतही नाही. तिथं लक्ष्मण निघताना एवढंच म्हणतो, की वनदेवता तुझं रक्षण करोत. तुलसीदासांच्या मानसात, म्हणजे ‘रामचरितमानसा’त, सीताहरणाच्या जागी रेषा येत नाही. ती येते थेट लंकाकांडात, तीही मंदोदरीच्या टोमण्यात: रामाच्या धाकट्या भावानं एवढीशी रेघ ओढली, तीसुद्धा तुम्हाला ओलांडता आली नाही, आणि गप्पा पराक्रमाच्या! नीट पाहा, इथं ओलांडता न आल्याचा कमीपणा रावणाचा आहे, सीतेचा नाही. मराठीत पोथ्यांनी, कीर्तनांनी आणि पुढे पडद्यानं रेषा इतकी पक्की केली, की आता वर्तमानपत्रात पुढाऱ्यांनीही लक्ष्मणरेषा ओलांडलेली असते.

वाल्मीकींकडे मग काय घडतं? भगवी वस्त्रं, शेंडी, छत्री, पायांत वहाणा, खांद्यावर दंड-कमंडलू अशा परिव्राजकाच्या वेषात रावण वेदमंत्र म्हणत दाराशी येतो. सीतेच्या मनात येतं, की हा अतिथी आहे, ब्राह्मण आहे, उत्तर दिलं नाही तर शाप देईल. ती आसन देते, पाय धुवायला पाणी देते, जेवायचं विचारते, आणि पुन्हा पुन्हा रानाकडे बघते, की हे दोघं अजून का येत नाहीत. त्यानं विचारलं म्हणून आपली सगळी हकिकत सांगते. मग तो आपलं खरं नाव सांगतो, लंकेची राणी करतो म्हणतो. तेव्हा ती घाबरून गप्प बसत नाही. सिंह आणि कोल्हा, समुद्र आणि ओढा, सोनं आणि शिसं, चंदन आणि चिखल, हत्ती आणि मांजर, गरुड आणि कावळा यांत जेवढं अंतर, तेवढं रामात आणि तुझ्यात, असं त्याच्या तोंडावर सांगते. यात तिची चूक कुठे आहे? दारात आलेल्याला पाणी दिलं, ही?

६. मग रेषा सांगूच नये का? मुलं तर तिचीच वाट बघत असतात.

सांगा की. पाचशे वर्षं सांगितलेली गोष्ट खोटी नसते, ती दुसरी असते. मी म्हणते, ‘काही कथांमध्ये इथं लक्ष्मण रेघ ओढतो,’ आणि पुढे जाते. माझी हरकत एकाच वाक्याला आहे: ‘सीतेनं रेषा ओलांडली म्हणून हे सगळं झालं.’ हे सांगणाऱ्याच्या तोंडून सहज निसटतं, आणि समोर बसलेल्या दहा वर्षांच्या मुली ते घरी घेऊन जातात. ज्या कथेत रेषा आहे, तिथंही सीता ती ओलांडते ते भिक्षेकरी विन्मुख जाऊ नये म्हणून. फसवणारा फसवतो तेव्हा फसणाऱ्याचं पाऊल मोजत बसायची आपली सवय जुनी आहे, ती या प्रसंगानं आणखी घट्ट होऊ नये.

आणि रेघच हवी असेल तर वाल्मीकींकडे एक आहे. लंकेत नेल्यावर रावण समोर येऊन बोलू लागतो, तेव्हा सीता एक गवताची काडी उचलून दोघांच्या मध्ये ठेवते आणि मगच त्याला उत्तर देते. अरण्यकांडात एकदा, सुंदरकांडात पुन्हा. ती काडी तो ओलांडत नाही. मी गच्चीवर खरोखर एक काडी ठेवते. झाडूची चालते.

७. सोन्याच्या हरणाचा हट्ट तर सीतेनंच केला ना? कातड्याची चोळी हवी होती म्हणे.

चोळी आपली, मराठी. वाल्मीकींच्या सीतेला ते हरीण जिवंत हवं असतं. वनवास संपला की अयोध्येला नेऊ, भरताला आणि सासवांना दाखवू, असं ती म्हणते. जिवंत सापडलं नाहीच तर कातडं बसायला छान होईल, असंही म्हणते. ते लपवू नये. लक्ष्मण तिथल्या तिथं सांगतो, की हा मारीच दिसतो. रामालाही हरणाची भूल पडलेली आहे, आणि राक्षस असेल तर मारलाच पाहिजे म्हणून तो निघतो. म्हणजे हट्ट एकटीचा नाही.

या प्रसंगात माझा लाडका माणूस मारीच. लहानपणी... म्हणजे राम लहान असताना, विश्वामित्रांच्या यज्ञात रामाच्या बाणानं तो शंभर योजनं लांब समुद्रात फेकला गेला होता. पुढे तो तपस्वी होऊन गप्प राहिला आहे. रावणाला तो सांगतो, की मला ‘र’ नं सुरू होणारे शब्द ऐकले तरी कापरं भरतं, रत्न म्हटलं तरी, रथ म्हटलं तरी. हे सांगितलं की मुलं पुढचा अर्धा तास रस्सा, रिक्षा, रविवार असं ओरडत बसतात. बसू द्या. रावण ऐकत नाही. नाही गेलास तर मीच मारतो म्हणतो. मारीच मग रामाच्या हातचं मरण पत्करतो आणि मरताना रामाच्या आवाजात ‘हा सीते, हा लक्ष्मण’ अशी हाक मारतो. ‘सीताहरण’ या शब्दातलं हरण आणि हे हरण वेगळं, हे एकदा फळ्यावर लिहून दाखवावं लागतं. दरवर्षी एक तरी चिठ्ठी ‘सीताचं हरण मेलं का?’ अशी असते.

८. सीता लक्ष्मणाला फार टाकून बोलते. ते गाळावं का?

सहा-सात वर्षांच्या मुलांपुढे थोडक्यात. मोठ्यांपुढे गाळू नये. रामाचा आवाज ऐकून लक्ष्मण हलत नाही म्हटल्यावर तिचा तोल जातो. तू रामाच्या मरणाची वाट बघतोस, तुला मी हवी आहे, नाहीतर भरतानं तुला पाठवलं आहे, असं ती बोलते. गोदावरीत जीव देईन, विष घेईन, पण दुसऱ्याला शिवणार नाही, असंही. घाबरलेलं माणूस जवळच्याच माणसाला बोलतं, आणि ऐकणारा ते जन्मभर विसरत नाही. कोणत्याही घरातली गोष्ट आहे ही. लक्ष्मण जातो, पण वळून वळून मागे बघत जातो.

९. रावणानं सीतेला पुष्पक विमानातून नेलं का?

वाल्मीकींप्रमाणे नाही. त्याचा रथ येतो, सोन्याचा, मायेनं चालणारा, आणि त्याला गाढवं जुंपलेली असतात. होय, गाढवं. मुलांना हे कधीच पटत नाही. जटायू तो रथ मोडतो, गाढवं मारतो, सारथी मारतो. मग रावण सीतेला उचलून तसाच आकाशातून जातो. पुष्पक त्याच्याकडे होतं हे खरं, म्हणून चित्रांत ते इथं येऊन बसलं असावं. जटायूचं वय तिथं साठ हजार वर्षं दिलं आहे. म्हातारा आहे, झाडावर झोपलेला आहे, हाक ऐकून उठतो, आणि आधी रावणाला समजावतो, मगच लढतो. वेरूळच्या कैलास लेण्यात ही झुंज दगडात कोरलेली आहे.

१०. वल्कलं नेसून वनात गेलेल्या सीतेकडे खाली टाकायला दागिने आले कुठून?

हा प्रश्न पहिल्यांदा एका पाचवीतल्या मुलानं विचारला आणि मला उत्तर येत नव्हतं. घरी जाऊन शोधलं. वल्कलं रामलक्ष्मणांची. सीतेला ती नेसताच येत नाहीत, हातात धरून उभी राहते, आणि राम तिच्या रेशमी वस्त्रावरूनच ती बांधून देतो. तेव्हा वसिष्ठ कैकेयीवर संतापतात, की हिला वनवास कोणी दिला आहे? (प्रश्न १ इथं कामी येतो.) मग दशरथ कोठारातून चौदा वर्षं पुरतील एवढी वस्त्रं आणि अलंकार तिला देववतो. पुढे अनसूयाही तिला वस्त्रं, दागिने आणि उटणं देते.

आकाशातून जाताना तिला एका डोंगरमाथ्यावर पाच वानर बसलेले दिसतात. ती आपल्या उत्तरीयात दागिने बांधून खाली सोडते. रावणाच्या ते लक्षातही येत नाही. सगळ्या शोधाचा पहिला धागा तिनं स्वतः टाकलेला आहे. लक्ष्मणाला त्यातले फक्त पैंजण ओळखता आले, कारण तो रोज तिच्या पायांना नमस्कार करत असे, हा प्रसिद्ध श्लोक प्रचलित पाठातला.

११. पाच-सहा वर्षांच्या मुलांना अपहरण कसं सांगावं? रात्री घाबरतात.

घाबरतात, आणि थोडं घाबरणं ठीक आहे. वाल्मीकींकडे रावण तिला केसांना धरून उचलतो, असं वर्णन आहे. लहानांसाठी ‘उचललं’ एवढंच पुरे. ओढाताण रंगवू नका, विकट हसू नका. माइकवर तर नकोच. त्याऐवजी सीता काय करते ते सांगा. ती झाडांना हाका मारते, गोदावरीला हाक मारते, हरणांना सांगते, की रामाला कळवा. मुलांनाही हाका मारायला लावा. भीती आवाजात निघून जाते.

काही पालक सांगतात, की ‘अनोळखी माणसाशी बोलू नये’ हे यातून शिकवा. शाळेत, घरी तेवढं शिकवायला हरकत नाही. पण सीतेला त्याचं उदाहरण केलं, की प्रश्न ६ मधलंच वाक्य वेगळ्या कपड्यांत परत येतं.

१२. त्या दिवशीची कथा कुठे थांबवावी?

रथावर थांबवू नका. दागिन्यांचं गाठोडं डोंगरावर पडलं आणि पाच वानर वर बघत राहिले, तिथं थांबवा. मुलं शांतपणे घरी जातात. दुसऱ्या दिवशी सुरुवात रामापासून. रिकामी पर्णकुटी, झाडाझाडाला विचारणं, आणि गोदावरीला विचारणं. गोदावरीला सगळं माहीत असतं, पण रावणाच्या भीतीनं ती बोलत नाही. उत्तर देतात ती हरणं, दक्षिणेकडे तोंड करून. आपल्या नदीचं हे गप्प राहणं मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी कोणीतरी तिची बाजू घेतं. माइक मात्र दहाच्या आत बंद, पोलीस चौकी कोपऱ्यावरच आहे.

१३. आमच्या शेजारी हीच गोष्ट वेगळी सांगतात. कोणाचं बरोबर?

मुंबईच्या एका जिन्यात चार रामायणं राहतात. माटुंग्याच्या तमिळ आजी सांगतील, की रावणानं सीतेला स्पर्शच केला नाही, पर्णकुटीसकट जमीनच उचलून नेली. ते कंबन या तमिळ कवींच्या रामायणातलं. उत्तर प्रदेशातली मंडळी मानस सांगतील. जैन मित्राच्या घरी तर सोन्याचं हरीण नसेलच. विमलसूरींच्या ‘पउमचरिय’मध्ये लढायला गेलेल्या लक्ष्मणाची सिंहनादाची खूण कपटानं काढून रामाला दूर नेलं जातं, आणि शेवटी रावणाला लक्ष्मण मारतो. हा ग्रंथ माहाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे आपल्या भाषेच्या पूर्वजांतल्या एका भाषेत. परकं काही नव्हे. पिंगुळीचे चित्रकथी आपल्या चित्रांच्या पोथ्या उलगडून आणखी वेगळं सांगतात.

कोणाचं बरोबर हे विचारण्याऐवजी ‘हे कोणाचं?’ असं विचारायची सवय मुलांना लावा. सांगणाऱ्यानंही सुरुवातीलाच म्हणावं: आज मी अमक्यांची गोष्ट सांगते. गोंधळ होतो तो चार भांड्यांतलं एकाच पातेल्यात ओतल्यावर.

१४. रावणानं नेली ती खरी सीता नव्हतीच, छायासीता होती, असं आजी म्हणते.

आजीचं अध्यात्मरामायणाला आणि मानसाला धरून आहे. तिथं राम आधीच सीतेला अग्नीत राहायला सांगतो आणि तिची प्रतिमा कुटीत राहते. मानसात लक्ष्मणालाही हे गुपित ठाऊक नसतं. अग्निपरीक्षेच्या वेळी खरी सीता अग्नीतून परत येते, त्यामुळे तो प्रसंगही सौम्य होतो. भक्ताला देवीला राक्षसाचा हात लागणं सहन होत नाही, त्यातून ही वाट निघाली. वाल्मीकींकडे ती नाही. सांगणारी म्हणून माझी अडचण वेगळी आहे. छायासीता सांगितली, की अशोकवनात रडली ती कोण, असं मुलं विचारतात, आणि मग त्या रडण्यातला जीवच जातो. म्हणून मी हे फक्त विचारलं तरच सांगते.

१५. वनवासात असं अपहरण आणखी कोणाचं झालं आहे का?

सीतेचंच, याआधी एकदा. दंडकारण्यात शिरल्या शिरल्या विराध राक्षस तिला उचलतो. त्याला शस्त्रानं मरण नसतं म्हणून दोघं भाऊ त्याला खड्ड्यात पुरतात. नवख्या सांगणाऱ्या हा प्रसंग हमखास विसरतात.

दुसरं महाभारतात. बारा वर्षांच्या वनवासात पांडव शिकारीला गेलेले असताना जयद्रथ द्रौपदीला पळवतो. तो दुःशलेचा नवरा, म्हणजे नात्यानं मेहुणा. पांडव तिला सोडवतात आणि जयद्रथाला पाच शेंड्या ठेवून भादरतात. त्यानंतर खिन्न झालेला युधिष्ठिर मार्कंडेय ऋषींना विचारतो, की माझ्याइतका अभागी आणखी कोणी झाला आहे का? उत्तर म्हणून मार्कंडेय त्याला रामकथा सांगतात. वनपर्वातलं रामोपाख्यान ते हेच. दुःखी माणसाला रामायण सांगायची पद्धत एवढी जुनी आहे.

१६. सीता लंकेत किती दिवस होती? हनुमानाबरोबर का निघून आली नाही?

रावण तिला बारा महिन्यांची मुदत देतो, नाहीतर स्वयंपाकी न्याहारीसाठी तुझे तुकडे करतील म्हणतो. हनुमान पोचतो तेव्हा दोन महिने उरलेले असतात. म्हणजे दहा महिने ती एकटी. हनुमान पाठीवर बस म्हणतो. ती नाही म्हणते, आणि कारणं मोजून देते: वेगानं मी समुद्रात पडेन, राक्षस पाठलाग करतील तेव्हा तू लढशील की मला सांभाळशील, मी आपणहून परपुरुषाला स्पर्श करणार नाही, आणि रामानं येऊन मला नेणं हेच त्याला शोभेल. यातलं तिसरंच कारण सगळीकडे सांगितलं जातं. पहिली दोन ऐका: किती व्यवहारी बाई आहे!

१७. उत्तरकांडातला दुसरा वनवास कथेत धरायचा का?

मुलांच्या नऊ दिवसांत मी धरत नाही. नवमीला दुपारी बाराला रामजन्माचा पाळणा होतो, सुंठवडा वाटला जातो, त्यात तो बसतही नाही. पण पूर्ण टाळू शकत नाही, कारण मराठी बायकांसाठी ‘वनवास’ म्हणजे मुख्यतः तोच. जात्यावरच्या ओव्यांमध्ये रामाच्या चौदा वर्षांपेक्षा सीतेला एकटीला रानात सोडलं त्याचं दुःख पुन्हा पुन्हा येतं. सासरचा छळ सांगायलाही आपण वनवासच म्हणतो.

आमच्याकडे तो नवमीच्या रात्री होतो, पोरं खाली गेल्यावर. चाळीतल्या सत्तरी उलटलेल्या तिघी-चौघी कठड्याजवळ खुर्च्या ओढून बसतात आणि आपल्या आयांकडून ऐकलेल्या ओव्या आठवतील तशा म्हणतात. एकीला एक ओळ सुचते, दुसरीला पुढची. त्या वेळी मी सतरंज्या गुंडाळत असते.